रंगावरून आवळलेला बोल्ट

अ‍ॅम्प्लिफायर किती तापला म्हणजे घाबरायचं, हे मोजायला आमच्या दुकानात दादाचा हात आहे. त्यातही हाताची मागची बाजू. पाना-पक्कड धरून धरून तळहाताची कातडी जाड झालीय, तिला गरम-गार नीट कळत नाही, असं त्याचं मत. तो बोटांची पेरं अ‍ॅम्पच्या पत्र्यावर टेकवतो, डोळे मिटतो आणि थांबतो. पाच मोजेपर्यंत हात तसाच राहिला तर ठीक. तीनला उचलला तर कुठंतरी चुकलंय. टेकवल्याबरोबर उचलला, तर आधी गाडीची चावी काढायची आणि मग बोलायचं.

बोलायचं म्हणजे मी बोलायचं. माझा हा थोरला भाऊ जन्मापासून बहिरा आहे, त्यामुळं बोलतही नाही. परतुरात स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला आम्हा दोघांचं दुकान आहे. गाड्यांमध्ये टेप, स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर बसवून द्यायचे. नवं गिऱ्हाईक दादाला पाहून चपापतं. "आवाजाचं दुकान अन् मिस्त्री बहिरा," हे मीच हसत सांगून टाकायचो, म्हणजे दुसऱ्यानं सांगायला नको.

आवाज तपासायला मात्र तो पुरा तळवा वापरतो. गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला तळवा ठेवला की कुठला स्क्रू ढिला आहे ते त्याला कळतं. आवाज कमी वाटला तर जिथं हात ठेवलाय तिथंच दोन बोटं वाजवतो, टक टक. आमच्यात त्याचा मतलब, वाढव. मी वाढवतो. पुरे झालं की तो तळवा उचलतो.

एकदा लग्नाला निघालेल्या एका गाडीत मागचे दोन स्पीकर मी जोडले. आवाज मोठा होता पण ढोलक पोकळ वाजत होती, जणू तिच्यातलं वजन कुणी काढून घेतलंय. मी तासभर टेपच्या बटनांशी झटत होतो. दादा आला, एक हात एका स्पीकरवर ठेवला, दुसरा दुसऱ्यावर, आणि लांब कुठंतरी बघत बसला. मग हात उचलून त्यानं हवेत करून दाखवलं. एक तळवा पुढं जातोय, त्याच वेळी दुसरा मागं येतोय. एक ढकलतोय, दुसरा ओढतोय. मी एका स्पीकरच्या वायरी उलट्या जोडल्या होत्या. सरळ करताच ढोलक छातीत बसली. स्पीकरचा कागद थरथरतो हे कुणालाही हाताला लागेल. पण दोन कागद एकाच क्षणी उलट्या दिशांना थरथरतायत, हे? मी त्या दिवशी त्याच्या हातांकडं बघतच राहिलो होतो. आयुष्यात ज्यानं एक सूर ऐकला नाही तो मला, चांगल्या दोन कानांच्या माणसाला, आवाज कुठं चुकला ते दाखवत होता.

आणि याच हातांच्या माथी मी माझ्या चुका मारत आलो. हे आजवर कुणाजवळ बोललो नाही. पन्नाशी उलटली, आता लिहून टाकतो.

सुरुवात अगदी साधी झाली. दुकान नवं होतं. एका मास्तरांच्या गाडीत फ्यूज लावायचा मी विसरलो आणि त्यांचा टेप जळाला. मास्तर दारात उभे राहून ओरडायला लागले. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. तेव्हा, खरंच सांगतो, ठरवून नाही, माझी हनुवटी आपोआप दादाकडं वळली आणि माझं एक बोट माझ्या कानाला लागलं. सोबत एक ओशाळं हसू. एवढंच. मास्तरांचा आवाज जागच्या जागी खाली आला. "असं होय," ते म्हणाले, "जाऊ द्या, बिचाऱ्याला काही बोलू नका."

दादा कोपऱ्यात बसून वायर सोलत होता. त्यानं मान वर करून मास्तरांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि परत वायर सोलायला लागला.

पुढं पंधरा वर्षांत ती हनुवटी कितीदा वळली, ते मला मोजता येणार नाही. रोज नाही. दर महिन्यालाही नाही. पण जेव्हा जेव्हा माझ्या हातून घोळ झाला आणि समोरचा चढ्या आवाजात बोलला, तेव्हा तेव्हा वळली. दादाच्या चुका होत नव्हत्या असं नाही. तो रागीट आहे, घाईत असला की पक्कड भिरकावतो, एकदा एका गाडीचा आरसा फोडला. पण त्याच्या चुका तो स्वतः बोटानं दाखवायचा, छातीवर हात मारून, "मी, मी." मला मात्र तोंड असूनही माझ्या चुका सांगायला ते उघडत नव्हतं. आणि दादाला काय कळतंय, असं मी स्वतःला समजावलं होतं.

मग ती काळी-पिवळी जीप आली.

परतूर ते वाटूर फाटा अशी शिटा, म्हणजे प्रवासी, वाहणारी जीप. मालक स्वतःच चालवायचा. चाळिशीचा, तोंडाळ, तंबाखूनं दात काळवंडलेला माणूस. जीप जुनीच होती, पण त्यानं नुकती घेतलेली आणि नव्यानं रंग मारून आणलेली. रंगाचा वास अजून येत होता. त्याला दुसऱ्या दिवशी चतुर्थीला ती राजूरच्या गणपतीपुढं उभी करायची होती. पूजा झाल्यावरच पहिली शीट बसवणार, आणि राजुरात शिरताना गाणं वाजत पाहिजे, ही अट.

"बेस असा पाहिजे मिस्त्री, की देवळातली घंटा आपोआप हालली पाहिजे."

"घंटा हालल. पुजारी नको हालायला," मी म्हणालो.

अ‍ॅम्प ड्रायव्हरच्या सीटमागं बसवायचा ठरला. लाल वायर बॅटरीपासून आणली. काळी वायर, म्हणजे निगेटिव्ह, गाडीच्या पत्र्याला बोल्टनं आवळायची असते. बॅटरीतून करंट लाल वायरनं अ‍ॅम्पपर्यंत येतो आणि काळ्या वायरनं पत्र्यात उतरून बॅटरीकडं परत जातो. ही परतीची वाट मोकळी पाहिजे. म्हणून बोल्टच्या जागेचा रंग आधी खरवडतात, खालचा पत्रा चांदीसारखा चमकेपर्यंत. दादाच्या शर्टाच्या खिशात पॉलिश पेपरचा तुकडा कायम घडी करून ठेवलेला असतो, तो याच कामासाठी. दादा पेपर काढून वाकला, आणि मालक मागून ओरडला.

"ए, ए! काय करून राह्यला त्यो? हट, हट!"

"मालक, रंग काढावा लागतो तिथला," मी म्हणालो. "चटईखाली जातंय, दिसणार न्हाई."

"दिसो का न दिसो. पूजेच्या आधी गाडीला जखम? बिलकुल न्हाई. उद्या देवाचा हात लागू द्या, मंग काय खरवडायचं ते खरवडा."

आमच्याकडं बरेच जण हे पाळतात. पूजा झाल्याशिवाय नव्या गाडीला ओरखडा नको. मलाही ते चुकीचं वाटत नव्हतं. मी दादाच्या दंडाला धरून त्याला बाजूला केलं. तो पेपर दाखवत होता, पत्र्याकडं बोट करत होता, तोंडातून घशातला तो आवाज काढत होता, जो तो फार चिडला तरच निघतो. मी हातानं खूण केली, नंतर, नंतर. आणि काळ्या वायरचं टोक मी स्वतः, रंगावरूनच, बोल्टखाली आवळलं. बोल्टच्या आट्यांना पत्रा थोडाफार लागत होता. अ‍ॅम्प चालू झाला. मालक खूश. पूजा करून चार दिवसांनी या, असं मी त्याला सांगितलं.

तो आला नाही. मी बोलावलं नाही. विसरलो म्हणू? अर्धा विसरलो होतो. अर्ध्याला वाटलं, चालतंय ना.

थंडीत चाललं. होळी झाली, ऊन चढलं, आणि जीप दारात आली.

"मिस्त्री, तुमचा डबा झोपतो. श्रीष्टी गाव मागं पडलं की लाल दिवा लागतो अन् गानं बंद. शिटा मला बोलून राह्यल्या, म्हने तुझ्या गाडीत अर्धंच गानं ऐकू येतं, उरलेलं पुढच्या जीपमधी बसून ऐकतो."

अ‍ॅम्प जास्त तापला की स्वतःला बंद करून घेतो, लाल दिवा त्याचाच. मी पाहिलं, सीटमागं पोती कोंबलेली. वारं लागत नव्हतं. पोती काढली, अ‍ॅम्पखाली लाकडी पट्ट्या देऊन उचलून बसवला. गेला. आठवड्यात परत आला. मी अ‍ॅम्पची वाढवलेली ताकद खाली केली, बेस थोडा उतरवला. गेला, परत आला. मी छोटा पंखा लावून दिला. मीटर लावून व्होल्टेज बघितलं. लाल काडी अ‍ॅम्पच्या लाल वायरला, काळी काडी दाराच्या बिजागरीला. तेराच्या वर, ठणठणीत. आता एवढ्या वर्षांच्या मिस्त्रीला हे कळायला पाहिजे होतं की काळी काडी बिजागरीला लावून मी नेमकी तीच जागा चुकवतोय, जिथं दुखतंय. मला ते खरंच सुचलं नाही, की सुचू दिलं नाही, ते आता सांगता येत नाही. बोल्ट चटईखाली होता आणि चटई मी उचलत नव्हतो.

चौथ्यांदा आला तेव्हा मालकाचा पारा चढलेला होता. गाडीतल्या शिटा उन्हात खाली उतरून उभ्या होत्या.

"तुम्हाला काम येतं का न्हाई, ते एकदाच सांगा! दोन महिने झाले, नुसतं ये अन् जा, ये अन् जा!"

लोक बघत होते. माझी हनुवटी वळली. बोट कानाला लागलं.

पण हा मास्तर नव्हता. तो दादाकडं वळून म्हणाला, "आस्सं! मला वाटलंच. तवाच मी म्हनलो हा काहीतरी खरवडून राह्यला. ऐका मिस्त्री, इथून पुढं ह्या मुक्याचा हात माझ्या गाडीला लागला न्हाई पायजे. अन् स्टँडवरच्या समद्या ड्रायवरांना सांगतो मी, मुक्याला हात लावू द्याचा न्हाई. बराबर?"

मी म्हणालो, "बराबर."

हा एक शब्द. दुसऱ्या दिवसापासून स्टँडवरचे ड्रायव्हर आले की आधी विचारायचे, "काम मुका करणार, का तुम्ही?" मग मी दादाला बाहेर पत्र्याच्या सावलीत स्टूल टाकून दिलं आणि जुन्या वायरींची गुंडाळी पुढ्यात ठेवली. खूण केली, ऊन फार आहे, आत गरम होतं, तू इथं बस. तो माझ्याकडं बराच वेळ बघत राहिला. मग बसला. पंधरा वर्षं गाड्यांच्या पोटात हात घातलेला माणूस रस्त्याकडं तोंड करून वायरी सोलायला लागला.

आठ दिवस गेले. नवव्या दिवशी दुपारी वहिनी डबा घेऊन आली. रोज ती डबा आत ठेवून जाते. त्या दिवशीही तिनं दादाला बाहेरच बसलेलं पाहिलं, डबा त्याच्या हातात दिला आणि आत येऊन उभी राहिली.

"भाऊजी, ह्यांना भायेर का बसिवलं?"

"गिऱ्हाइकं जरा... ते जीपवाला..."

"त्या जीपचं म्हाईत हाये मला. घरी आल्ते त्या दिवशी, समदं करून दाखवलं. पेपर घासायला गेल्ते, तुम्ही दंड धरला." तिनं आपला दंड धरून दाखवला. "अन् ह्ये बी दाखवलं."

तिनं हनुवटी दादाच्या दिशेनं वळवली, एक बोट कानाला लावलं आणि ओशाळं हसली. तो मी होतो. हुबेहूब. ओठांचा डावा कोपरा आधी वर जातो, तोसुद्धा तसाच.

मी हातातला टेस्टर टेबलावर ठेवला.

"लई वर्षं झाली, करून दाखवतात," वहिनी म्हणाली. "तुम्ही केलं की संध्याकाळी जेवताना ह्यांची नक्कल ठरलेली. पोरं लहान व्हती तवा खदाखदा हसायची. काका, काका म्हणून. आता मोठी झाली, आता न्हाई हसत."

"मंग... कधी भांडला का न्हाई?"

"इचारलं मी. एकदा न्हाई, धा डाव इचारलं. तुमचा भाऊ तुमच्यावर ढकलतो, तुम्ही गप का? तर असं करतात." तिनं हात खाली नेला, गुडघ्याच्या उंचीवर, तळवा जमिनीकडं.

ती खूण मला माहीत होती. ती माझी खूण आहे. दादाच्या बोलण्यात माझं नाव हेच, गुडघ्याएवढं पोर. माझे केस पिकले, मला चष्मा लागला, नाव तेच राहिलं.

"धाकटं हाये म्हनतात," वहिनी म्हणाली. "पर आठ दिस झाले, ती बी खूण केली न्हाई ह्यांनी. तुमचं नावच न्हाई घेतलं घरात. तुम्हाला जीभ दिली देवानं, ह्यांना हात दिले. जिभेनं हातच तोडले तर ह्यांच्यापाशी काय राह्यलं? तुम्हीच सांगा."

ती निघून गेली. बाहेर दादा भाकरी मोडत होता, पाठ माझ्याकडं करून. त्या पाठीकडं बघताना मला पहिल्यांदा भीती वाटली. एवढी वर्षं मी ज्याला बंद दार समजत होतो, ते सताड उघडं होतं आणि आत बसून कुणीतरी सगळं बघत होतं. माझ्या ओठांचा कोपरासुद्धा.

त्याच दुपारी, उन्हं जरा कलली तेव्हा, जीप आली. पाचव्यांदा. मालक ओरडला नाही. खाली उतरून म्हणाला, "काढून घ्या मिस्त्री. पंखा, डबा, समदं काढा. बिनागान्याची चालवतो."

मी सीट पुढं केली. अ‍ॅम्पवर हात ठेवला आणि झटकन काढला. पंखा फिरत होता आणि खाली पत्रा तव्यासारखा होता. मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला. काढून टाकलं की संपणार होतं सगळं. बोल्ट चटईखालीच राहणार होता, दादा स्टुलावरच.

मी स्क्रू ड्रायव्हर ठेवला. बाहेर गेलो, दादासमोर उभा राहिलो आणि जीपकडं बोट केलं. मग हात जोडले. आमच्यात 'ये' म्हणायला हात जोडत नाहीत. तो बघत राहिला. मग मांडीवरच्या वायरी खाली ठेवून उठला.

"ओ! काय ठरलं व्हतं आपलं?" मालक म्हणाला.

"दहा मिनिटं द्या," मी म्हणालो. "काढायचंच हाये ना? काढायच्या आधी त्याला बघू द्या."

दादानं गाणं चालू करायची खूण केली. मी केलं. त्यानं हाताची मागची बाजू अ‍ॅम्पला टेकवली, लगेच उचलली. पंख्याकडं बघून नाक मुरडलं, असलं खेळणं कुणी लावलं म्हणून. मग मीटर घेतला. त्याला लिहिता-वाचता येत नाही, पण आकडे येतात. लाल काडी मी लावायचो तिथंच लावली. काळी काडी बिजागरीकडं नेलीच नाही, थेट अ‍ॅम्पच्या काळ्या वायरच्या तोंडाशी टेकवली. ढोलाचा ठोका पडला की आकडा दहाच्या खाली कोसळत होता, ठोका सरला की वर चढत होता. त्यानं मीटर माझ्या डोळ्यांपुढं धरला. परतीची वाट तुंबलेली होती. अपुऱ्या व्होल्टेजवर अ‍ॅम्प रेटून काम करत होता आणि धापा टाकत तापत होता.

मीटर त्यानं बाजूला ठेवला. आता त्याची गरज नव्हती. दोन बोटांची पेरं त्यानं काळ्या वायरवर ठेवली आणि वायरीच्या अंगानं खाली नेत राहिला, हळू, आंधळा माणूस भिंतीला धरून चालतो तसा. वितीएवढं गेला, थांबला, पुढं सरकला. चटईच्या कडेशी बोटं थांबली. डोळे मिटलेलेच होते. मालकसुद्धा वाकून बघायला लागला होता. मी इतक्या वर्षांत हे शेकडो वेळा पाहिलंय, तरी त्या दिवशी मला वाटलं, हे पहिल्यांदाच बघतोय. वायरच्या रबराखालून जाणारी ऊब त्याला रस्ता सांगत होती. मी बोललेल्या आणि न बोललेल्या सगळ्या शब्दांना ओलांडून ती बोटं सरळ खऱ्या जागेकडं निघाली होती.

त्यानं चटई उचलली. बोल्टभोवतीचा रंग तपकिरी होऊन फुगला होता, भाकरी करपल्यावर फोड येतो तसा.

दादानं माझं मनगट धरलं. नुसतं 'बघ' म्हणून नाही. माझ्या हाताची मागची बाजू, त्याची असते तशीच, त्यानं बोल्टवर टेकवली आणि धरून ठेवली. मला एकपर्यंतसुद्धा मोजता आलं नाही. पेरावरचा तो डाग अजून आहे.

मग त्यानं चावी काढली, बोल्ट निवू दिला, पाना लावून सोडवला. खिशातून पॉलिश पेपरची घडी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. स्वतः बाजूला होऊन उभा राहिला. मी गुडघ्यांवर बसून घासायला लागलो. नवा रंग, त्याखाली जुना रंग, त्याखाली गंज, मग पत्रा. पुरे झालं वाटून मी वर पाहिलं तर तो मान हलवत होता. अजून. चमकला तेव्हा त्यानं पाना मला दिला. बोल्ट मी आवळला.

पंखा त्यानं उपटून फेकला. गाणं लावलं. मीटरचा आकडा ठोक्याला जरासा हालायचा, बस. अर्धा तास आम्ही तिघं उन्हात उभे होतो. मग दादानं पेरं अ‍ॅम्पवर टेकवली. मी मनात मोजत होतो. पाच झाले, दहा झाले, हात तिथंच.

"आयला," मालक म्हणाला. "काय निघालं?"

तो हे मला विचारत होता. सगळे मलाच विचारतात. मी तोंड उघडलं, आणि मला कळलं की दादा जीपमधून उतरून माझ्यापुढं येऊन उभा राहिलाय. त्यानं तळवा माझ्या छातीवर ठेवला, गळ्याच्या जरा खाली. पुरा तळवा. स्पीकरवर ठेवतो तसा. आणि तोंड फिरवून तो मालकाच्या चेहऱ्याकडं बघायला लागला.

त्याला माझे शब्द कळणार नव्हते. पण मी बोलतोय की नाही हे त्याच्या हाताला कळणार होतं, आणि काय बोलतोय ते समोरच्याच्या तोंडावर दिसणार होतं. दोन्हीकडून त्यानं मला धरलं होतं.

"बोल्ट मी बसवला होता," मी म्हणालो. पण तो आवाज मलाच ऐकू आला नाही.

छातीवर दोन बोटं वाजली. टक टक.

"बोल्ट मी बसवला होता, मालक. रंगावरून. माझा भाऊ रंग काढून राह्यला होता तर मी त्याला मागं ओढलं. पूजेनंतर करायला पायजे होतं, मी केलं न्हाई. त्या दिवशी तुम्हाला त्याच्याकडं बोट दाखवलं, ते खोटं होतं. आजच्या आधी त्यानं तुमच्या गाडीला हातसुद्धा लावला नव्हता."

मालकाचं तोंड उघडंच राहिलं. तंबाखूची पिचकारी टाकायची तो विसरला.

"म्हंजे तवा त्यो पेपर घेऊन... याच्यासाठीच आल्ता?"

"व्हय."

"अन् मीच त्याला हट हट केलं." तो दादाकडं बघत राहिला. "आन् स्टँडवर समद्यांना... आरं कसला मानूस हायेस मिस्त्री तू! सख्ख्या भावाच्या नावानं मला शंख करायला लावला!"

दादा त्याचा चेहरा वाचत होता. कपाळावरची आठी, खाली गेलेले डोळे, एकेक. त्याच्या तळव्याखाली माझी छाती धडधडत होती, तेही त्याला लागत असणार. मालक बाजूला जाऊन थुंकला, तोंड पुसलं, आणि जीपची चावी काढून आणून, माझ्या खांद्यावरून पुढं करत, त्यानं ती दादाच्या हातात दिली. आमच्या दुकानात चावी नेहमी माझ्या हातात दिली जाते.

"याला सांग," तो मला म्हणाला, "पुढं कधी बी काय झालं तर यानंच बघायचं. अन् स्टँडवर मी आजच सांगतो. तुझं बी सांगतो, बराबर?"

"बराबर," मी म्हणालो.

मला वाटलं, झालं. आता दादा हात काढेल. एका हातात चावी घेऊन तो तसाच उभा होता, दुसरा तळवा माझ्या छातीवर. आता तो मालकाकडं बघत नव्हता, माझ्याकडं बघत होता. शेजारचा पंक्चरवाला बाहेर आला होता, पलीकडचा बॅटरीवाला हातातलं काम ठेवून उभा होता. यातल्या किती जणांसमोर माझी हनुवटी वळली होती, ते त्यालाच माहीत.

टक टक.

मी घसा साफ केला आणि मास्तरांच्या फ्यूजपासून सांगायला लागलो.